अंबाल्याला न झालेली भेट

टिम रॉबिन्स यांचा ‘डेड मॅन वॉकिंग’ हा चित्रपट १९९५ साली आला. लुइझियानातल्या तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहणारा मॅथ्यू पॉन्सलेट एका ननला पत्र लिहितो आणि हेलन नावाची ती नन त्याला भेटायला जाते. सुझन सॅरंडन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. कैद्याच्या भूमिकेत शॉन पेन आहे. मूळ पुस्तक हेलन प्रीजाँ या ननचं, १९९३ सालचं, स्वतःच्या अनुभवांवर लिहिलेलं. पडद्यावरचा पॉन्सलेट मात्र कोणी एक माणूस नाही. प्रीजाँ ज्यांच्यासोबत शेवटच्या क्षणापर्यंत राहिल्या, त्या दोन कैद्यांच्या हकिकती मिळून तो घडवला आहे.

हा पॉन्सलेट सहानुभूती वाटावी असा नाही. तो उर्मट आहे, द्वेषानं भरलेला आहे. दोन तरुण जिवांचा खून झाला तेव्हा आपण हजर होतो, पण मारलं दुसऱ्यानं, हे त्याचं पालुपद आहे. ननला त्याची कीव येत असली तरी ती त्याचं म्हणणं मान्य करत नाही. ती मारल्या गेलेल्या मुलाच्या आणि मुलीच्या घरी जाते. मुलीचे आईवडील तिला आपल्या बाजूची समजून आत घेतात आणि ती अजूनही त्या कैद्याला भेटते आहे हे कळताच घराबाहेर जायला सांगतात. ती निमूटपणे जाते आणि पुन्हा तुरुंगात येऊन त्याच माणसापुढे बसते. शेवटच्या काही तासांत पॉन्सलेट खरं बोलतो. त्याला मारतानाच्या दृश्यांत दिग्दर्शकानं त्या दोन खुनांची दृश्यं मिसळली आहेत, त्यामुळे प्रेक्षकाला एका मरणासाठी हळहळताना दुसरं विसरता येत नाही.

मृत्युदंडाच्या कैद्याजवळ धर्माचं माणूस असतं ते त्याला धीर द्यायला, असं आपण सहसा धरून चालतो. हेलन धीर देते, पण ते तिचं दुय्यम काम आहे. मुख्य काम असं की ती त्याला खोट्याच्या आधारानं मरू देत नाही. तू काय केलंस ते बघ, कोणाला केलंस ते बघ, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणते. सरकार त्याचा जीव मागत असतं. ती त्याच्याकडे उत्तर मागत असते. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. एक पूर्ण झाली की दुसरी कायमची अपुरी राहण्याचा धोका असतो.

हा धोका आपल्याकडे प्रत्यक्षात आलेला आहे. त्याची गोष्ट मराठीत फार थोडी सांगितली जाते.

मी राहतो ते कळस इंदापूर तालुक्यात. इथून बारामती जवळ. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्याच मुलखातून पंढरीला जाते. बारामती म्हटल्यावर लोकांना ऊस आठवतो, सहकार आठवतो, राजकारण आठवतं. जाणत्यांना मोरोपंत आठवतात. बाबूजी नाइकांच्या आश्रयानं ते इथे राहिले आणि इथेच त्यांनी आर्या रचल्या. त्यांची ‘केकावली’ म्हणजे देवापुढे मांडलेला दयेचा अर्ज आहे: माझे अपराध मोज, पण मला टाकू नकोस. त्याच बारामतीत १९ मे १९१० रोजी टपाल खात्यातल्या एका नोकरदाराच्या घरी नथुराम गोडसे जन्मला. त्यानं दयेचा अर्ज केला नाही. त्याच्यासाठी दया मागितली ती त्यानं ज्यांच्या वडिलांना मारलं त्यांनी.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी यमुनेकाठी त्यांच्या चितेला अग्नी दिला तो रामदास यांनी. ते गांधीजींचे तिसरे पुत्र, नागपुरात राहणारे. लाल किल्ल्यात खास न्यायालय भरलं. न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल दिला: नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, काही आरोपींना जन्मठेप, सावरकर निर्दोष. पूर्व पंजाबच्या उच्च न्यायालयानं शिमल्याला अपील ऐकलं. नथुरामनं कट झाल्याचा निष्कर्ष अमान्य केला, पण आपल्या फाशीविरुद्ध दाद मागितली नाही. जून १९४९ मध्ये दोन्ही फाशी कायम झाल्या.

याच काळात रामदास गांधींनी नथुरामला पत्र लिहिलं. माझ्या वडिलांचा केवळ देह तुम्ही संपवलात आणि आपली चूक तुम्हाला एक दिवस उमगेल, असा त्याचा रोख होता. नथुरामनं उत्तर दिलं. त्यांच्या घरावर कोसळलेल्या दुःखाबद्दल माणूस म्हणून त्यानं खेद व्यक्त केला, आपल्या कृत्याचं समर्थन सोडलं नाही आणि भेटीची तयारी दाखवली. रामदास यांना अंबाल्याच्या तुरुंगात जायचं होतं. सोबत विनोबा भावे आणि किशोरलाल मश्रूवाला यांना न्यायचं त्यांच्या मनात होतं. सरकारनं परवानगी दिली नाही. मणिलाल आणि रामदास या दोघा भावांनी फाशी रद्द करावी म्हणून विनंती केली, तीही नेहरू, पटेल आणि गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी मान्य केली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात गोडसे आणि आपटे यांना फाशी झाली.

‘डेड मॅन वॉकिंग’मध्ये नन ही तिसरी व्यक्ती आहे. एका बाजूला खुनी, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांचे आईबाप आणि मध्ये ती. अंबाल्याची भेट झाली असती तर मध्ये कोणी उभं राहावं लागलं नसतं. ज्याचा बाप मारला गेला तोच मारणाऱ्याशी बोलायला येत होता आणि येताना पुस्तक, प्रसाद किंवा क्षमेचा कोरा कागद आणत नव्हता. तो प्रश्न आणत होता. हॉलिवूडच्या पटकथाकाराला सुचलं नसतं इतकं मोठं दृश्य आपल्या इतिहासात घडायला आलं होतं.

फाशीच्या कैद्याच्या शेवटच्या दिवसांत मराठी परंपरेनं त्याच्या हाती बहुतेक वेळा गीता दिली. रँडच्या वधाबद्दल दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फासावर गेले. लोकमान्य टिळक तेव्हा राजद्रोहाची शिक्षा भोगत त्याच तुरुंगात होते आणि टिळकांनी दिलेली गीतेची प्रत हाती घेऊनच दामोदर फासाकडे गेले, असं सांगितलं जातं. नथुरामच्या हातीही अखेरीस गीता होती. दोघांची कृत्यं एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. एक परकीय सत्तेच्या अधिकाऱ्यावर उठला होता, दुसरा प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र वृद्धावर. पण शेवटच्या घडीला ग्रंथ काय करतो, हे दोन्ही ठिकाणी सारखंच दिसतं. आत्मा मरत नाही, कर्तव्य केलं की फळाची चिंता नको, एवढं त्यातून उचललं की माणूस ताठ मानेनं चालतो. आधीच ठाम असलेल्या माणसाला तो आणखी ठाम करतो. एकट्यानं वाचलेला ग्रंथ वाचणाऱ्याला अडवत नाही.

तुरुंगातल्या गीतेचं दुसरं रूपही मराठीतच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तिथे गीता एकट्याच्या हाती नव्हती. ती बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मध्ये होती. रामदास अंबाल्याला जे विनोबा नेऊ पाहत होते ते हे. नथुराम आणि विनोबा दोघंही गीता मानणारे, दोघंही मराठी बोलणारे. अर्जुनाला युद्ध कर म्हणणारा ग्रंथ निःशस्त्र माणसावर गोळी झाडायला परवानगी देतो का, हा प्रश्न नथुरामला परका माणूस विचारू शकला नसता. विनोबा तो त्याच्याच भाषेत, त्याच्याच ग्रंथाच्या आधारानं विचारू शकत होते.

अशा प्रश्नाची ताकद आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नीरेच्या खोऱ्यात, पुरंदर तालुक्यात वाल्हे आहे. वाल्मीकींचं गाव म्हणून लोक ते दाखवतात आणि ज्ञानोबांची पालखी तिथे मुक्काम करते. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारदानं शाप दिला नाही, उपदेशही केला नाही. एकच विचारलं: ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी गेला, विचारून आला, आणि तिथून पुढे बदलला. ही कथा लहानपणी ऐकलेली नाही असं मराठी माणूस सापडणार नाही. ती घडायला दोन गोष्टी लागतात: विचारणारा कोणीतरी आणि उत्तर शोधून परत येण्याइतका वेळ. फासाचा दोर ही दुसरी गोष्ट काढून घेतो.

सरकारनं परवानगी नाकारली त्यामागे काही कारण नव्हतं, असं मी म्हणणार नाही. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. लाल किल्ल्यात नथुरामनं ८ नोव्हेंबर १९४८ ला वाचलेल्या प्रदीर्घ निवेदनाचा परिणाम सरकारनं पाहिला होता. भेटीची बातमी झाली असती आणि तिचा वापर झाला असता. राज्यसंस्था नवी होती, तिला कायदा ठामपणे चालवून दाखवायचा होता. गांधी हे एका घराचे वडील नव्हते, म्हणून त्यांच्या मुलांना एकट्यानं माफ करण्याचा हक्क नाही, हाही युक्तिवाद वजनदार आहे. शिवाय त्या वेळच्या फौजदारी कायद्यात खुनाला फाशी हीच नेहमीची शिक्षा होती. फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला त्याची कारणं लिहावी लागत. १९५५ मध्ये ती अट गेली. १९७३ च्या संहितेनं उलटा नियम आणला: आता फाशी देताना खास कारणं द्यावी लागतात.

पण ती एकच वाट समोर होती, असंही नाही. शिमल्याला अपिलाचं काम सुरू असतानाच, ३ जून १९४९ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत फाशीच्या अपिलांबद्दल बोलत होते. फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क द्यावा, अशी सूचना पुढे आली होती. बाबासाहेबांनी सांगितलं की त्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. हा देश अहिंसेला मानणारा आहे, ती सगळे पाळत नसतील पण नैतिक आज्ञा म्हणून मानतात, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींशी आयुष्यभर झुंजलेला हा माणूस गांधीजींच्या खुन्याचा खटला सुरू असताना फाशीच्या विरोधात बोलत होता. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशात, रामदास आणि बाबासाहेब असे हे दोन आवाज होते. देशानं तिसरीकडे कान दिला.

हत्येनंतरच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रानं आणखी काही पाहिलं होतं. मारणारा ब्राह्मण होता म्हणून गावोगावी ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कुटुंबं परागंदा झाली. एका माणसाचा गुन्हा एका जातीवर पसरवला गेला. त्याच वेळी साने गुरुजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं. आपल्यातल्या एकानं हे केलं, तर प्रायश्चित्त आपणही घ्यावं, ही त्यांची धारणा. जाळपोळ करणाऱ्यांनी आणि गुरुजींनी, दोघांनीही अपराध एकट्या नथुरामपाशी ठेवला नाही. फरक असा की पहिल्यांनी तो दुसऱ्यांवर लादला आणि गुरुजींनी स्वतःवर घेतला. महाराष्ट्रापाशी तेव्हा गुरुजींची वाट होती, विनोबांची होती, रामदासांनी मागितलेल्या भेटीची होती. यातली एकही कोठडीच्या दारापर्यंत पोहोचू दिली गेली नाही.

मग मागे काय राहिलं? भाषण. नथुरामनं न्यायालयात वाचलेलं निवेदन आधी बंदीत गेलं, मग पुस्तक झालं आणि १९९८ साली ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या प्रदीप दळवींच्या नाटकातून रंगभूमीवर आलं. त्यावर बंदी आली, बंदी उठली, प्रयोग झाले. नथुराम बोलतो, प्रेक्षक ऐकतात. कोणी टाळ्या वाजवतं, कोणी निषेध करतं, पण समोर बसून प्रश्न विचारणारं कोणी नाही. अमेरिकेतल्या त्या चित्रपटाचा कणा संवाद आहे. आपल्या वाट्याला आलं ते स्वगत. २०२३ मध्ये राजकुमार संतोषी यांनी ‘गांधी गोडसे: एक युद्ध’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात गांधीजी गोळ्या लागूनही वाचतात आणि तुरुंगात नथुरामला भेटतात. कल्पना धाडसी आहे. पण त्यासाठी इतिहास बदलण्याची गरज नव्हती. खरी भेट ठरू पाहत होती. फक्त तिथे गांधीजींच्या जागी त्यांचा मुलगा होता.

शेवटच्या दिवसांत नथुरामला पश्चात्ताप झाला होता का? त्याचं अपील ऐकणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती, जी. डी. खोसला, यांनी पुढे पुस्तकात झाल्याचं लिहिलं. त्याचा भाऊ गोपाळ गोडसे याची आयुष्यभराची भूमिका नेमकी उलट होती. ज्याला जे हवं ते तो धरतो, कारण त्या माणसाला शांतपणे, पुरेसा वेळ देऊन, ज्याचं ऐकावंसं वाटेल अशा कोणी विचारलंच नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. गोपाळ गोडसे यांना फाशी झाली नव्हती. ते १९६४ साली जन्मठेपेतून सुटले, २००५ पर्यंत जगले आणि त्यांना कधी पश्चात्ताप झाल्याचं दिसलं नाही. वेळ मिळाला म्हणून माणूस बदलतोच असं नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. पण १९६४ च्या सुटकेनंतर काय घडलं तेही पाहावं. पुण्यात झालेल्या त्यांच्या सत्कारात टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी कटाची कुणकुण आपल्याला आधीच होती असं सांगितलं. देशभर खळबळ उडाली आणि कपूर आयोग नेमला गेला. लाल किल्ल्यात जे बाहेर आलं नव्हतं त्यातलं बरंच त्या आयोगापुढे आलं. जिवंत माणसं बोलली म्हणून. नथुराम आणि आपटे यांना मात्र कोणताही आयोग आता काही विचारू शकत नव्हता. फाशीनं शिक्षा पूर्ण झाली आणि साक्ष संपली.

विनोबांना जे अंबाल्यात करता आलं नाही ते त्यांनी पुढे दुसरीकडे केलं. चंबळचा दरोडेखोर मानसिंग याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. मरण्यापूर्वी आपल्याला भेटावं, असं त्यानं विनोबांना कळवलं. विनोबा तेव्हा काश्मीरच्या पदयात्रेत होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडे पाठवलं. फासाच्या सावलीतल्या त्या माणसानं स्वतःसाठी फारसं काही मागितलं नाही. विनोबांनी चंबळच्या खोऱ्यात यावं आणि आपल्या साथीदारांशी बोलावं, एवढी त्याची इच्छा होती. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मोरेनाच्या घळींतून चालत गेले आणि २० दरोडेखोरांनी शस्त्रं त्यांच्यापुढे ठेवली. तहसीलदारसिंगची फाशी नंतर रद्द झाली. मृत्युदंडाच्या कैद्याशी झालेल्या एका भेटीतून इतकं उभं राहिलं. अंबाल्यात असंच झालं असतं असं मी म्हणत नाही. पण परवानगी नाकारून आपण नेमकं काय नाकारलं, याचं माप या घटनेवरून मिळतं.

पुण्याच्या इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. १९७६–७७ मध्ये जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांसह दहा जणांच्या खुनांनी शहर हादरलं. चार तरुणांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्या प्रकरणावरचा ‘माफीचा साक्षीदार’ हा राजदत्त यांचा चित्रपट १९८६ चा. लोकांच्या लक्षात राहिली ती त्यातली नाना पाटेकरांनी उभी केलेली क्रूरता. पण खरी गोष्ट कोठडीच्या आत पुढे सरकली होती. त्या चौघांपैकी मुनव्वर शाह यानं तुरुंगात आत्मकथन लिहिलं आणि त्याच्या शीर्षकातच आपण दोषी असल्याची कबुली दिली. म्हणजे १९४९ मध्ये आपल्या कृत्याचं समर्थन न सोडणारा फासावर गेला आणि १९८३ मध्ये कबुली देणाराही गेला. माणूस आतून कुठे पोहोचला, याची दखल दोराला नसते. तो दोघांना सारखंच संपवतो.

आज न्यायालयं ही दखल घेऊ लागली आहेत, पण अडखळत. ९ मे १९८० च्या बच्चनसिंग निकालानं विरळातल्या विरळ प्रकरणातच फाशी द्यावी असं ठरवलं आणि आरोपी सुधारू शकतो का याचा विचार करायला सांगितलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी रद्द केली. त्यानं एका लहान मुलाचा खून केला होता. गुन्ह्याच्या वेळी तो २२ वर्षांचा होता आणि १८ वर्षं तुरुंगात काढली होती. तिथे त्यानं लिहिलेल्या कवितांतून त्याला आपली चूक उमगल्याचं दिसतं, असं न्यायालयानं म्हटलं. त्याच्या कविता कोणी वाचल्या नसत्या तर?

आणि २०२३ चं प्रकरण तर अंगावर काटा आणणारं आहे. १९९४ साली पुण्यात एका घरात सात जणांचे खून झाले होते. त्यातल्या एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पुढे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदींची चौकशी झाली आणि गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता असं सिद्ध झालं. २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून तो सुटला. त्यातली बहुतेक वर्षं फाशीच्या शिक्षेखाली गेली. मधल्या काळात ती अंमलात आली असती तर आपण एका बालकाला फासावर दिलं, हे आपल्याला कधी कळलंही नसतं.

ज्यांची माणसं मारली गेली त्यांचं काय, हा प्रश्न यापुढे सगळ्यात आधी विचारला जाईल आणि विचारलाच पाहिजे. फाशीच्या विरोधात लिहिणारे अनेकदा खुन्याच्या अंतरंगात इतके रमतात की मेलेल्याचं घर त्यांना दिसेनासं होतं. हेलन प्रीजाँ यांनीही लिहिलं आहे की सुरुवातीला त्या पीडितांच्या घरी गेल्या नाहीत आणि ती आपली मोठी चूक होती. पण फाशीची शिक्षा त्या घराला काय देते ते पाहा. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करणाऱ्या दोघांना फाशी झाली. ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, दयेचे अर्ज फेटाळले गेले, २०१९ साली फाशीची तारीखही ठरली. मग अंमलबजावणीला फार उशीर झाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं फाशी रद्द केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. सतरा वर्षं. या सगळ्या काळात त्या घराला एका दोराकडे बघत बसायला सांगितलं गेलं. त्यांचं दुःख ऐकायला, त्यांना काय विचारायचं आहे ते विचारू द्यायला, या व्यवस्थेत जागाच नाही. रामदास गांधींना जे हवं होतं ते आजही मागता येत नाही, कारण ते मागायचं कोणाकडे हे कोणत्याही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही.

खून करणाऱ्यावर मेलेल्याच्या माणसांचं एक देणं असतं. ते देणं म्हणजे त्याचा श्वास नव्हे. त्याच्या श्वासाचं कोणाला काय होणार? ते देणं म्हणजे उत्तर आहे: मी काय केलं, कोणाला केलं, का केलं आणि आज त्याकडे मी कसं बघतो. हे उत्तर जबरदस्तीनं काढता येत नाही, विकत घेता येत नाही, आणि अनेकदा ते मिळतही नाही. पण ते मागण्याचा हक्क मेलेल्याच्या घराचा आहे आणि देणारा जिवंत असेपर्यंतच तो खरा आहे. सरकार फाशी देतं तेव्हा हे देणं फिटत नाही, बुडतं. धर्मोपदेशक, नन, कीर्तनकार, मौलवी, भिक्खू, समुपदेशक, ज्याला जे नाव द्याल त्या माणसाचं कोठडीतलं काम कैद्याला सुखानं मरायला तयार करण्याचं नाही. ते काम हे देणं मागण्याचं आहे, आणि ते मरणाच्या तारखेला बांधून करता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मृत्युदंड आपल्या कायद्यातून जायला हवा. बाबासाहेबांनी ते १९४९ मध्ये सांगितलं होतं, ते अजून अपुरं आहे. तो जाईपर्यंत, २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्याप्रमाणे, शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं आयुष्य, त्याचं मन आणि तुरुंगातली वागणूक यांचा खरा अहवाल न्यायाधीशापुढे आलाच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात उगवणाऱ्या धर्मोपदेशकापेक्षा पहिल्या वर्षापासून येत राहणारं माणूस प्रत्येक अशा कैद्याला मिळालं पाहिजे. आणि मारल्या गेलेल्या माणसाच्या मुलानं, आईनं, बायकोनं त्या कैद्याला भेटायचं म्हटलं, तर त्यांच्या इच्छेनं, त्यांना सांभाळून, त्यांनी म्हटलं तेव्हा ते दार उघडलं पाहिजे. कोणावरही क्षमेची सक्ती नसावी. रामदास गांधीही क्षमा वाटायला निघाले नव्हते. बारामतीत जन्मलेल्या एका माणसाला ते त्याच्या कृत्याचा जाब विचारायला निघाले होते, आणि जाब विचारण्याचा तो हक्क कोणत्याही सरकारनं कोणत्याही मुलाकडून काढून घेऊ नये.